पुठ्ठ्याची गाडी

जगात खोटं न बोलणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे फोटो, असं चाकमामा छातीठोकपणे सांगत. सांगताना ते स्वतःच्या फोटोखाली बसलेले असत. फोटोत डोकंभर केस होते. ते फोटोवाल्याने रंगवून दिलेले.

पुढची हकिगत मात्र खरी आहे. निम्मी मामींनी सांगितली, निम्मी मामांच्या वहीत आहे. मामी चहात साखर किती टाकली हेसुद्धा वाढवून सांगत नाहीत.

अशा हकिगतीला रात्र लागते; ती नव्हती, त्याबद्दल क्षमस्व. रविवार होता. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. गल्लीतल्या शेवटच्या घराची पुढची खोली.

चाकमामा सगळ्यांचेच मामा. नुसतं चाक बघून गाडी ओळखायचे, म्हणून हे नाव. मोटारींच्या मासिकात त्यांचं सदर होतं. वाचकांनी जुन्या गाडीचा फोटो पाठवायचा, ती कोणती ते मामांनी सांगायचं. एकतीस वर्षांत 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांनी एकदाही लिहिले नव्हते.

फोटोत माणसं असली की मामा त्यांच्यावर काळ्या कागदाची पट्टी ठेवत. म्हणत, "माणसं मध्ये आली की गाडी नीट दिसत नाही."

त्या रविवारच्या दोन महिने आधी एक म्हाताऱ्या बाई आल्या. हातात एकच फोटो.

कारखान्याचं अंगण. चार चाकांवर ठेवलेल्या कपाटासारखी गाडी. पुढे रेडिएटर नाही, मागे धुराची नळी नाही. स्टिअरिंगच्या जागी नुसता दांडा. नाकावर पितळी घंटा. आत एक तरुण, हसणारा.

"हा माझा दादा," बाई म्हणाल्या.

कारखान्याने विजेवर चालणारी गाडी गुपचूप बनवली होती, एकच. आवाज नाही, त्यामुळे लोक बाजूला होत नाहीत, म्हणून घंटा. एका दुपारी दादा ती चाचणीला घेऊन गेला. गाडी परत आली नाही. दादाही नाही. कारखान्याने हात झटकले. अशी गाडी आम्ही बनवलीच नाही, पोरगा पळून गेला असेल. आई तेच ऐकत ऐकत गेली. बाईंना एवढंच हवं होतं, की मामांनी छापून सांगावं... ही गाडी होती.

मामांनी दादावर पट्टी ठेवली आणि भिंग हातात घेतलं.

पंधरा दिवस घरातली सगळी पुस्तकं उपसली. गाडी कुठेच नव्हती. आणि 'माहीत नाही' लिहायचं म्हणजे एकतीस वर्षं पाण्यात.

बाई उत्तराला आल्या तेव्हा मामा म्हणाले, "स्टुडिओतला देखावा आहे हा. अंगण पडद्यावर रंगवलेलं. गाडी नाहीच."

"मग दादा कशात बसलाय?"

"पुठ्ठ्यात."

स्वतःच्या विनोदावर मामा मनापासून हसले. बाईंनी फोटो उचललाच नाही.

"राहू दे तुमच्याकडे. पुठ्ठा सांभाळून मी काय करू?"

मासिकात तेच छापून आलं, पुठ्ठ्याच्या विनोदासकट. हसून हसून मुरकुंडी वळली अशी वाचकांची पत्रं आली.

वहीत मात्र मामांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'टायर खाली दबलेले. वजन खरं. गाडी खरी. कोणती, कळत नाही.'

तर तो रविवार.

मामी आत चहा टाकत होत्या. मामा फोटो फाइलला लावायला बसले होते.

टिंग.

मामींना वाटलं, सायकल असेल. मामांनी कान दिला. अंथरुणात पडल्या पडल्या ते रस्त्यावरची गाडी आवाजावरून सांगत...

इंजिन नव्हतं. नुसती खडी करकरत होती.

"कोणती हो?" मामींनी आतून विचारलं. हा दोघांचा रोजचा खेळ.

मामांनी वही ओढली. टिपण ठेवायची सवय सुटली नव्हती. वहीत आहे: '३.१०. घंटा. इंजिनाचा आवाज नाही. गल्ली रिकामी.'

टिंग. आता फाटकापाशी.

'३.१२. फोटोतली घंटा दिसत नाही. पट्टी उचलली. दांड्याशी कुणी नाही.'

टिंग...

पायरीशी.

शेवटची ओळ वाकडी गेली आहे. '३.१४. माहीत नाही.'

मामी चहा घेऊन आल्या. खुर्ची रिकामी. खुर्चीखाली चपला. बाहेर खडीवर चाकांच्या दोन रेघा, फाटकातून थेट पायरीपर्यंत.

परत गेल्याची रेघ नव्हती.

टेबलावर फोटो. घंटा जागेवर. दादा दांड्याशी, हसणारा. शेजारी काळी पट्टी. मामींनी ती नखाने उचलायला घेतली.

उचलेना.

ती फोटोवर नव्हती... फोटोत होती.

खालून दोन अनवाणी पाय बाहेर आलेले. उजव्या अंगठ्याला चिंधी. ती मामींनीच सकाळी बांधली होती.

मामी चौकीत गेल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खणातून मासिक काढलं. साहेब नियमित वाचक. "बाई, अशी गाडी नव्हतीच. तुमच्या यजमानांनीच लिहिलंय." कागदावर नोंद झाली, गृहस्थ कंटाळून घर सोडून गेले.

मग मामी त्या बाईंकडे गेल्या. बाईंनी फोटो बराच वेळ डोळ्यांशी धरला. दादावरून अंगठा फिरवला. पट्टीवरूनही.

"बरं झालं," म्हणाल्या. "इतकी वर्षं एकटाच होता बिचारा."

आणि फोटो परत दिला.

मामींना तो घरात नको, म्हणून आता माझ्याकडे आहे. खणात, पालथा. परवा सुलटा करून पाहिला. गाडीला मागे एक बाक आहे, रिकामा. तो आधीपासून होता का, मला आठवत नाही. दुपारची झोप मी सोडली आहे.

मामा परत येतील अशी मामींना आशा नाही. त्यांची एवढीच विनंती आहे. तुमच्या फाटकाशी बिनआवाजाची गाडी आली आणि घंटा वाजली, तर त्या पट्टीमागच्या गृहस्थांना तेवढं विचारा... कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय?