वहीत न लिहिलेला घास

माझ्याशी एक शब्दही बोलायच्या आधी ज्या माणसाने माझ्या कुत्र्याचा कान हुंगला, त्याच्याबद्दल माझं पहिलं मत काय झालं असेल, हे वेगळं सांगायला नको.

कागदाच्या दुकानाबाहेरची गोष्ट. मी आत पुठ्ठे निवडत होते आणि गोंद्याला बाहेर खांबाला बांधलं होतं. गोंद्या म्हणजे आमचा कुत्रा. तपकिरी, लोंबत्या कानांचा, आणि एकदा माणसाला चिकटला की सुटायचं नाव नाही, म्हणून गोंद्या. बाहेर येऊन बघते तर काय, हा एका अनोळखी माणसाच्या गुडघ्यावर पाठ खसाखसा घासतोय, आणि तो माणूस उकिडवा बसून, डोळे मिटून, गोंद्याचा कान नाकाशी धरून... चक्क हुंगतोय!

"अहो! काय चाललंय काय?"

"आंबट वास येतोय," तो डोळे न उघडताच म्हणाला. "किती दिवस खाजवतोय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

त्याने डोळे उघडले. शांत, जरासे हसरे. माझं अर्धं भांडण तिथेच विरघळलं. उरलेलं अर्धं मी नेटाने चालू ठेवलं.

"मी जनावरांचा डॉक्टर आहे," तो उठत म्हणाला. "पुढच्या चौकात दवाखाना आहे माझा. तीन-चार महिने झाले असतील ना?"

"पाच," मी म्हणाले.

पाच महिने गोंद्या स्वतःला ओरबाडत होता. पोट लालभडक, पंजे चावून चावून सोललेले. गोळ्या दिल्या की चार दिवस बरं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. बाबा आणि मी आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यावरच्या दोन खोल्यांत राहतो. बाबांना ते बघवेना. "आपल्याकडची कागदाची धूळ बाधतेय त्याला," ते म्हणायचे. "मामाकडे मोकळी हवा आहे. तिकडे धाडू या." बाबा हे भिंतीकडे बघत म्हणायचे, कारण गोंद्याकडे बघून त्यांना म्हणता यायचं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी गोंद्याला विंचरलं, कातडीचा कीस काढून तपासला. पिसवा नाहीत, खरजेचे किडे नाहीत. "आता राहिलं खाणं," ते म्हणाले. "आठ आठवडे त्याला फक्त बदक आणि रताळं. आजवर कधी खाल्लं नाही असं. बाकी एक कण नाही. पोटात जाईल ते सगळं लिहायचं आणि दर गुरुवारी मला दाखवायचं. खाज गेली, तर एकेक जुना पदार्थ देऊन चोर पकडायचा."

"आणि नाही गेली तर?"

उत्तर बाबांनी घरी दिलं. "आठ आठवडे. मग मात्र मामा येऊन घेऊन जाईल. त्या जिवाचे आणखी हाल नकोत."

त्याच संध्याकाळी मी एक वही बांधली. हातशिलाई, निळ्या कापडाची पाठ. आत तीन रकाने – तारीख, काय खाल्लं, खाज किती. पहिल्याच गुरुवारी मी लिहून नेलं, 'बदक, रताळं. खाज भरपूर. मालकिणीचा संताप त्याहून भरपूर.'

डॉक्टरांनी लाल पेन्सिलीने समासात लिहिलं, 'संतापावर औषध नाही. चहा आहे.'

पुढच्या गुरुवारी मी लिहिलं, 'साखर किती घालता?'

'विचारून घालतो.'

आता हे काही कुत्र्याच्या खाजेच्या वहीत लिहायचं बोलणं आहे का! पण मी गुरुवारी केस दोनदा विंचरायला लागले होते. आणि डॉक्टर गोंद्याचं वजन तीनदा करायला लागले होते. "काटा जरा हलतो हो..." म्हणे. बाबांनी त्यांचं नाव 'कानहुंग्या' ठेवलं होतं. "काय म्हणतोय आज कानहुंग्या?" असं विचारायचे, आणि माझे कान लाल झाले की मिशीत हसायचे.

सहा आठवडे गेले. खाज तशीच.

मग मी फार वाईट वागले. "बाबा, खरं सांगा. तुम्ही चोरून काहीतरी भरवता ना त्याला?"

बाबांनी हातातला चमचा खाली ठेवला. "मी? अगं, त्याचा जीव तुटू नये म्हणून मी महिनाभर पाव जिन्यात उभा राहून खातोय!" पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मलाही माफी मागवेना. मामांनी रविवारी येतो म्हणून कळवलं.

आठव्या गुरुवारी मी दवाखान्यातल्या बाकावर बसले आणि ढसाढसा रडले. गोंद्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि नेहमीसारखी माझी बोटं चाटायला घेतली. डॉक्टर वही उलटसुलट करत होते.

"वहीची पाठ अशी का झालीये?" त्यांनी एकदम विचारलं.

निळं कापड विटून पांढरं पडलं होतं. कडेचा पुठ्ठा उघडा पडला होता.

"गोंद्या चाटतो. हल्ली जरा जास्तच."

"ही चिकटवलीत कशाने?"

"खळीने. आणखी कशाने चिकटवणार?"

"खळ कशाची?"

"गव्हाच्या पिठाची. बाबा रोज सकाळी शिजवतात, आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे..."

मी थांबले. आमच्याकडे खळ म्हणजे हवा-पाण्यासारखी. ती खायची गोष्ट आहे, हे आठ आठवड्यांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

डॉक्टर टेबलाला वळसा घालून आले. "हात द्या."

दोन महिन्यांत त्यांनी गोंद्याचा पंजा शंभर वेळा धरला असेल. माझा हात... पहिल्यांदाच. भिंग घेऊन ते माझी नखं बघू लागले. कडांना वाळलेली पांढरी खळ होतीच. ती तर माझ्या जन्मापासून आहे.

"रोज चाटतो?"

"रोज संध्याकाळी. दहाही बोटं. मला वाटायचं, माया करतोय..."

"माया करतच होता," डॉक्टर म्हणाले. "सोबत जेवतही होता."

मी रडता रडता हसले. तेही हसले. गोंद्या उगाचच शेपटी आपटत राहिला.

"तपासून झालं का, डॉक्टर?" मी हाताकडे बघत विचारलं.

"कधीच झालं," ते म्हणाले. पण हात काही सोडला नाही.

घरी येऊन मी आधी बाबांची माफी मागितली, मग सगळं सांगितलं. बाबांनी पातेल्याकडे बघितलं. "म्हणजे रोज सकाळी मीच शिजवून देत होतो की त्याला!" मग उठले, खळ ओतून दिली, पातेलं घासलं, आणि मामांना कळवलं – रविवारी जेवायला ये, पण कुत्रा मिळणार नाही. दुसऱ्या सकाळी आमच्या कारखान्यात पहिल्यांदा तांदळाच्या पिठाची खळ शिजली. मीही हात घासून धुतल्याशिवाय गोंद्याला जवळ घेईना.

महिन्याभरात त्याच्या पोटावर मऊ लव आली. खात्री करायला डॉक्टरांनी त्याला पावाचा एक तुकडा दिला, तर दोन दिवसांत खाज हजर. चोर पकडला गेला. तुकडा बंद, खाज बंद.

"आता दर गुरुवारी यायची गरज नाही," डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले. "वही मात्र... नोंदीसाठी ठेवू का?"

"ठेवा की. माझाही वेळ वाचेल," मी म्हणाले. माझ्या तोंडाला काही औषध आहे का कुणाकडे?

तीन गुरुवार गेले. पहिल्या गुरुवारी मी एका पुस्तकाची पानं उलटी शिवली. दुसऱ्या गुरुवारी उसवली. तिसऱ्या गुरुवारी गोंद्या दुपारभर दाराशी बसून होता. मीही तिथेच काहीतरी काम काढलं होतं.

चौथ्या गुरुवारी दाराशी सायकल थांबली. डॉक्टर. हातात माझी वही. पाठीला नवं कापड, वाकडंतिकडं, वर सुरकुत्याच सुरकुत्या.

"दुरुस्त केली," ते म्हणाले. कपाळावर घाम. "आतही बघा..."

मी उघडली. माझ्या तीन रकान्यांत त्यांचं अक्षर होतं. 'गुरुवार. खाल्लं – अर्धं. बेचैनी – भरपूर. शुक्रवार. चहा दोघांचा केला, एकट्याने प्यायलो.' तीन आठवडे, एकही दिवस सुटला नव्हता. शेवटी लिहिलं होतं, 'एक गोष्ट बंद करून पाहिली. कारण सापडलं. उपाय – तिलाच विचारणे.'

अक्षरं नीट दिसेनात. मी त्यांच्या खिशातली लाल पेन्सिल काढली आणि समासात लिहिलं, 'रोज. आयुष्यभर. खंड पडू नये.'

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "नक्की ना?" त्यांनी विचारलं. "तू... संतापात तर नाही ना लिहिलंस?"

"संतापातच लिहिलंय. तीन आठवडे कुठे होतास?"

तेवढ्यात गोंद्याने उडी मारून वहीची पाठ चाटायला सुरुवात केली आणि मी किंचाळले, "अरे, थांबव त्याला! कशाने चिकटवलीस ती?"

"तांदळाच्या खळीने," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात तुझ्या बाबांकडून नेली, वाटीभर."

मी वळून बघितलं. बाबा पातेल्यात पळी फिरवत होते, जसं काही ऐकूच आलं नाही.

"बाबा! तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"मला काय ठाऊक असणार?" बाबा मिशीत हसले. "त्या कानहुंग्याला म्हणावं, कापड फार वाईट ताणलंय. उद्यापासून शिकायला ये."

गोंद्या वही चाटत होता. त्या दिवशी त्याला कुणीच अडवलं नाही.