चार नंबरचा दिवा

ट्युनिशियात ततावीनजवळच्या जिप्समच्या कारखान्यात सकाळी दहाला चहा येतो. शाझली इंजिनियरचा पेला अर्धा झाला होता, तेवढ्यात कंट्रोल रूममधल्या जुन्या पॅनेलवरचा चार नंबरचा दिवा दोनदा लुकलुकला.

ते पॅनेल वर्षभर बंद होतं. शाझलीने त्या दिव्याला येणाऱ्या तारेची दोन्ही टोकं जाऊन बघितली. कापलेलीच होती, वर धूळ.

चार नंबरचा पट्टा खाणीतला दगड क्रशरपर्यंत आणतो. त्याच्या कडेने धोक्याची दोरी आहे. ती ओढली की पट्टा थांबायचा आणि इथे दिवा लागायचा. म्हातारा वायरमन लझहर पट्ट्याखालची सफाई उरकली की दोरीला दोन झटके द्यायचा. मी बाहेर आलो, चालू करा.

जुन्या तारा काढून सगळे सिग्नल नेटवर्कवर घालायचं ठरलं तेव्हा तो शाझलीला म्हणाला होता, "पोरा, बाकी काय हवं ते घाल नेटवर्कवर. माझ्या दोरीची तार तेवढी राहू दे."

"राहील काका. शब्द देतो."

शाझलीने अहवालात तसंच लिहिलं आणि सही केली. तो रजेवर असताना मॅनेजर तिजानीने मधलं पान बदललं आणि तार कापली. तिजानी त्याचा वीस वर्षांचा मित्र. म्हणाला, "तात्पुरतं आहे रे. महिन्याभरात परत टाकू." शाझलीने विश्वास ठेवला.

मार्चमध्ये नेटवर्क पडलं. कंट्रोलर शेवटचं ऐकलेलं धरून बसला: दोरी ठीक. तिकडे लझहरची बाही पट्ट्यात अडकली होती आणि तो दोरी ओढत होता. पट्टा चालतच राहिला.

चौकशीत ते बदललेलं पान निघालं, अहवालाखाली शाझलीची सही. तो तिजानीकडे गेला तर तिजानी शांतपणे म्हणाला, "सही तुझीच ना?" लझहरच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला शाझलीने पाठवलेला कुसकुस लझहरच्या बायकोने झाकणही न उघडता परत पाठवला. शाझली त्या दिवशी गाडीत बसून रडला. काका गेले ते मला दगाबाज समजूनच गेले, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

दिवा पहिल्यांदा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी दहालाच तो पुन्हा लुकलुकला. तिसऱ्या दिवशी त्याने बल्ब काढून हातात घेतला. बल्ब गरम होता. त्याने तो खणात टाकला.

चौथ्या दिवशी तिजानी आला. "भुतंबितं नकोत मला इथे. लोक काम सोडतील. पट्टा बंद कर, मी खाली जाऊन दोरी ओढतो. बघ, स्क्रीनवर येतं की नाही."

"आधी स्विचला कुलूप लाव."

"कुलूप वायरमन लावतात." तो हसला, वॉकीटॉकी घेऊन गेला.

पट्ट्याखाली जाणाऱ्याने पट्ट्याच्या विजेचा स्विच बंद करून त्याला आपल्या नावाचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला पट्टा चालू करता येत नाही, हा इथला नियम. शाझलीने पट्टा बंद केला आणि स्वतःचंच कुलूप घेऊन शेजारच्या खोलीत गेला.

स्विच खाली, बंद बाजूला ओढलेला होता. त्यावर आधीच एक पितळी कुलूप होतं.

लझहरचं. तो गेल्यावर शाझलीने स्वतःच ते त्याच्या कपड्यांबरोबर त्याच्या बायकोच्या हातात दिलं होतं. कुलपाखाली लटकणाऱ्या नावाच्या पत्र्यावर लझहरच्या वाकड्या अक्षरात नाव होतं. तिजानी.

शाझलीला आधी बरंच वाटलं. तार कुणी कापली ते काकांना माहीत होतं.

मग पायाखालची फरशी थरथरली.

खिडकीबाहेर चार नंबरचा पट्टा चालू होता.

तो कंट्रोल रूममध्ये धावला. वॉकीटॉकीत नुसती खरखर. जुन्या पॅनेलवरच्या रिकाम्या होल्डरमध्ये उजेड होता. या वेळी दोनदा नाही. लागत होता, विझत होता, लागत होता. कुणीतरी दोरी ओढत होतं.

स्क्रीनवर होतं: दोरी ठीक.

शाझलीने बंदचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

स्क्रीनवर उत्तर आलं: पट्टा आधीच बंद आहे.