गाण्याआधीचे चार सेकंद

हे घडलेलं आहे. ज्याला थाप वाटते त्याने इथेच थांबावं, मी कुणाचे पाय धरणार नाही.

तारीख १४ मे २०२४, मंगळवार. जागा म्हणजे पवनी तालुक्यातलं एक पुनर्वसनाचं गावठाण, कोंढ्यापासून सायकलने अर्ध्या तासावर. वेळ दुपारची, सव्वादोन.

हो, दुपारची. भुतं रात्रीच निघतात हा नियम कुणी केला? मे महिन्यात दुपारी दोनला आमच्याकडे रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. मेलेलं माणूस गल्लीतून चालत गेलं तरी बघायला असतं कोण?

धर्मेंद्र होता. वय सत्तेचाळीस. पंपाच्या मोटारी भरून देण्याचं त्याचं दुकान. पुढे दुकान, मागे एक खोली. लग्न केलं नाही. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची, रात्री भात टाकायचा आणि झोपायचं. गावात सगळे त्याला ओळखतात आणि कुणी त्याच्याकडे बसायला येत नाही.

वीस वर्षांपूर्वी हा माणूस ड्रम वाजवायचा.

जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं, भरपाईसाठी घरं मोजली जात होती, तेव्हाची गोष्ट. प्रविण नागपूरच्या फुटपाथवरून एक कॅसेट घेऊन आला. परदेशी पंकची. तीन सूर, बाकी नुसता आरडाओरडा. तिघांनी ऐकली. धर्मेंद्र, प्रविण आणि गुड्डी. गुड्डी म्हणाली, "येवढंच होय? मंग हे तं आपल्याले बी येते!"

बँडचं नाव ठेवलं 'बुडीत'. प्रविण गिटार, धर्मेंद्र ड्रम. तो ड्रमसेट एका नाटक कंपनीने फेकून दिलेला, झांज चिरलेली. गुड्डी गायची. गायची कसली, फाडायची.

मोजा बे मोजा, घर माहं मोजा,
दारं किती, खिडक्या किती, मी किती ते सांगा!

पोरगी चारचौघांत 'बे' म्हणते म्हणून गावात बोंब. पहिला कार्यक्रम ऐकून एक म्हातारा म्हणाला होता, "हे गानं होय का कोनी मेलं?"

रेकॉर्डिंग अड्याळला झालं. वासुदेवरावांचा छोटा स्टुडिओ होता, भजनं आणि झाडीपट्टीतल्या नाटकांची गाणी भरायचा. भिंतींना धानाची रिकामी पोती ठोकलेली. शेजारी राइस मिल. मिल सुरू असली की माइकमध्ये तिचीच घरघर. म्हणून काम भारनियमनात चालायचं. दुपारी दोनला वीज गेली की मिल बंद, आणि वासुदेवराव आपलं टेप मशीन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चढवायचे. दोन ते चार. असल्या चार दुपारींत सहा गाणी झाली.

हेडफोन नव्हते. गाणं कधी सुरू करायचं ते गुड्डी आकडे मोजून सांगायची. आणि ती उलटे मोजायची.

चार, तीन, दोन, एक.

"सीधं मोज ना," प्रविण म्हणायचा.

"कायले? रोवनीत मानूस मागंच सरकते. म्या जलमभर मागं सरकून धान रोवला, मी मागूनच मोजीन."

त्याआधी ती दरवेळी एक आवाज द्यायची. "धर्मा, झोपला का बे?"

कारण धर्मेंद्र दरवेळी उशिरा लागायचा. 'एक' झालं की गिटार सुटायची आणि ड्रम मागून धापा टाकत पोचायचा. सहाच्या सहा गाण्यांत तसंच होतं. आज पुण्यातली पोरं त्याला शैली म्हणतात. शैली कसली? उशीर होता तो.

कॅसेटच्या दोनशे प्रती निघाल्या. अर्ध्या वाटल्या, अर्ध्या उंदरांनी खाल्ल्या.

२००६ च्या पावसाळ्यात गुड्डीला कावीळ झाली. तिची आई निर्मलाबाई, तेव्हाही दोन घरं सोडून राहायची, आजही राहते. तिने धर्मेंद्रला निरोप धाडला, मोटरसायकल घेऊन ये, पोरीले भंडाऱ्याले न्या लागते. धर्मेंद्र म्हणाला, पाच मिनिटांत येतो. हातात एका शेतकऱ्याची मोटर होती. तेवढी संपवून निघू म्हणाला.

दोन तासांनी पोचला.

गुड्डी अड्याळच्या अलीकडेच गेली. आईच्या आणि त्याच्या मध्ये बसलेली. गाडी चालवणाऱ्याला कळलंसुद्धा नाही.

निर्मलाबाई त्याला कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता यंदाच्या एप्रिलमध्ये पुण्याहून रक्षा नावाच्या मुलीचा फोन आला. जुनी, विसरलेली गाणी शोधून त्यांच्या तबकड्या पुन्हा काढणारी तिची छोटी कंपनी. "दादा, 'बुडीत'च्या नावाने इथे पोरं वेडी आहेत. पण सगळ्यांकडे दहाव्या हाताची खरखर आहे. मूळ टेप आहे का तुमच्याकडे?"

होती. वासुदेवराव वारले तेव्हा त्यांच्या सुनेने बिस्किटाच्या डब्यात घालून आणून दिली होती, सोबत त्यांचं टेप मशीनही.

"तुम्ही कॉम्प्युटरवर उतरवून पाठवा. नंतर मूळ टेपही पाठवा, इकडे एकदा तपासून घेतील."

निर्मलाबाईला त्याने सांगितलं. म्हातारी उठून बसली. तिच्याजवळची कॅसेट कधीच मशीनने खाल्ली होती. अठरा वर्षं तिने पोरीचा आवाज ऐकला नव्हता. फोटो एक आहे, तोही मतदार कार्डाचा.

"माह्या मराच्या आंधी आयकवजो गा," ती म्हणाली. "मले आता तिचा आवाज आठवत नाही. तोंड आठवते. आवाज नाही."

त्या मंगळवारी दोनला वीज गेली. धर्मेंद्रने मशीन इन्व्हर्टरवर चढवलं, टेप लावली.

पोत्यांचा तो बंद, दबलेला आवाज. कुणाचं तरी खोकणं. आणि...

"धर्मा, झोपला का बे?"

त्याने मशीन बंद केलं. दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. ऊन अंगावर घेत दहा मिनिटं तसाच उभा राहिला.

मग आत आला आणि एक घाणेरडं काम केलं.

कॉम्प्युटरवर प्रत्येक गाण्याआधीचे ते सेकंद त्याने कापले. हाक कापली, आकडे कापले. तेवढ्याने भागेना. मूळ टेप पुण्याला जाणार होती, तिथे कुणीतरी ऐकणार होतं. म्हणून त्याने टेपसुद्धा पुसली. माइक न जोडता रेकॉर्डचं बटण दाबायचं, चार सेकंद थांबायचं, सोडायचं. सहा वेळा. आपण उशिरा लागतो हे जगाला तिच्या तोंडून कळायला नको. बस, एवढंच कारण होतं त्याच्याकडे.

बुधवारी दुपारी त्याने फायली पाठवण्याआधी एकदा ऐकायला घेतल्या.

पहिलं गाणं लावलं. कापल्यामुळे ते थेट गिटारने सुरू व्हायला हवं होतं.

झालं नाही.

शांतता होती... पोत्यांची ती शांतता. खूप लांबून, जणू धानाच्या बांधीच्या पलीकडच्या धुऱ्यावरून...

"नऊ."

आणि मग गाणं सुरू झालं.

त्याने पुन्हा लावलं. आता काही नाही. सरळ गिटार. कान वाजले असतील म्हणून त्याने फायली पाठवून दिल्या.

गुरुवारी दुपारी, त्याच वेळी... "आठ."

आवाज थोडा जवळ आला होता.

शुक्रवारी "सात." त्याने रक्षाला फोन लावला.

"ताई, पयल्या गान्याच्या आंधी काही आयकू येते का तुमाले?"

"नाही दादा, एकदम स्वच्छ सुरुवात आहे. का हो?"

"काही नाही. असंच."

प्रविणला लावला. तो नागपुरात, हात काळे न करणाऱ्या नोकरीत. "धर्म्या, ऊन लागलं बे तुले. कांदा खिशात ठेवत जाय," म्हणून हसला आणि फोन ठेवला.

शनिवारी धर्मेंद्रने कॉम्प्युटर सुरूच केला नाही. वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी त्याने मुद्दाम काढून ठेवली होती. दुकानात एकही वस्तू चालू नव्हती. पंख्याची पाती थांबली.

स्पीकरच्या जाळीतून कुणीतरी श्वास घेतला.

"सहा."

त्याने मागे जाऊन वायर पाहिली. वायर जोडलेलीच नव्हती.

तो रविवारी शेजारच्या गावी लग्नाला गेला. मुद्दाम गेला, तीनशे माणसांत बसला. पंगतीत वाढपी बुंदी घेऊन आला, आणि दोन वाजता सगळ्या गोंगाटाच्या खालून, अगदी कानाशी... "पाच."

आजूबाजूचे जेवत होते.

तिथे त्याला कळलं, की आता कुठे जाऊन उपयोग नाही. आणि पुढचे आकडे कोणते ते तर त्याला माहीतच होते.

सोमवार, मंगळवार, बुधवार. चार... तीन... दोन...

रोज एक पाऊल जवळ. दोनचा आकडा आला तेव्हा मानेवर गरम हवा लागली, आणि कच्च्या हळदीचा वास. कावीळ झाली तेव्हा तिची आई तिच्या कपाळाला हळद लावून ठेवायची. कावीळ हळदीने उतरते म्हणे. कुणी सांगितलं होतं देव जाणे.

धर्मेंद्र पळाला नाही. पळून झालं होतं त्याचं.

गुरुवारी त्याने तेलाचे दोन रिकामे पिपे उलटे मांडले. वर पत्र्याचं एक झाकण टांगलं. निंबाच्या दोन काड्या सोलून घेतल्या. दोनला वीज गेली. त्याने बॅटरी जोडली, गाणं लावलं, हात वर उचलून बसला. घाम डोळ्यांत जात होता. पुसला नाही. आयुष्यात एकदा तरी वेळेवर पोचायचं होतं.

शांतता...

शांतता...

"एक."

त्याने मारलं.

बरोबर बसलं! गिटार आणि त्याचा ठोका एकाच क्षणाला पडले. स्पीकरमधल्या वीस वर्षांपूर्वीच्या ड्रमचाही. त्या गाण्यात तो आता उशिरा लागत नव्हता. धर्मेंद्र वाजवत सुटला, ओरडला, रडला. पिपे नाचत होते. आता पहिलं कडवं. आता ती येणार.

गिटार वाजत राहिली.

ड्रम वाजत राहिला.

ती आली नाही.

कडव्याची जागा आली आणि रिकामी गेली. धृपदाची जागा आली, तीही गेली. धर्मेंद्रच्या हातातल्या काड्या थांबल्या. त्याने दुसरं गाणं लावलं. तिसरं. सहाही. मग मूळ टेप. कुठेच तिचा आवाज नव्हता. एक ओळ नव्हती, एक श्वास नव्हता.

चार सेकंद पुसायला गेला आणि अख्खी पोरगी पुसली गेली. त्याला हेच वाटलं. त्याने ती टेप छातीशी धरली आणि भर उन्हात, अनवाणी, निर्मलाबाईच्या घरी गेला. गाणी मोबाइलमध्ये होतीच.

"काकू, माह्या हातून पाप झालं. गुड्डीचा आवाज गेला."

"कुठं गेला?"

त्याने मोबाइल तिच्यापुढे ठेवला आणि गाणं लावलं. गिटार. ड्रम. दुसरं काही नाही. त्याने मान खाली घातली.

आणि म्हातारी हसायला लागली.

तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी गळत, हसत होती. "अवं माय... केवढी बोंबलते वं हे पोट्टी! गळा फाटन ना तिचा!" आणि तिचे ओठ हलू लागले. दारं किती, खिडक्या किती, मी किती ते सांगा. शब्द अन् शब्द बरोबर जागेवर. त्या गाण्याचे शब्द तिला कधी पाठ नव्हते.

धर्मेंद्रने तिथूनच रक्षाला फोन लावला. रक्षा म्हणाली, "दादा, असं काय विचारता? आवाज आहेच की! काय आवाज आहे!"

सगळ्यांना ती ऐकू येते. त्याला येत नाही.

तबकडी ऑगस्टमध्ये आली. तीनशे प्रती, मुखपृष्ठावर मतदार कार्डाचा तोच फोटो मोठा करून. ज्यांना गुड्डी जिवंतपणी वेडी वाटली असती, ते लोक आता तिच्या आवाजावर पानंच्या पानं लिहितात. काहींची तक्रार आहे, ड्रम नंतर सुधारून वाजवलाय म्हणून. शिव्या देतात. धर्मेंद्र वाचतो आणि पुन्हा तार गुंडाळायला घेतो.

रोज दुपारी दोनला निर्मलाबाई मोबाइलवर पहिलं गाणं लावते. दोन घरं पलीकडे दुकानात बसून त्याला ते ऐकू येतं. त्याचा स्वतःचा ड्रम, अगदी वेळेवर, आणि मधे एका माणसाएवढी पोकळी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हातारी मोबाइल हातात घेऊन दुकानाशी आली.

"धर्मा, एक इचारू? गान्याच्या आंधी पोट्टी तुले आवाज देते. रोज देते. तू ओ काहून देत नाहीस?"

त्याचे हात तारेवरच थांबले. ती हाक त्याने कापली होती. टेपवरूनही पुसली होती. आणि म्हातारीला त्याने त्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता.

"काय मनते ते?" त्याने विचारलं.

"झोपला का, मनते. आता तं आवाज बी बारीक झाला तिचा. थकली असन." तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. "हे पाय, लावतो मी. आता दे ओ."

तिने बटण दाबलं. धर्मेंद्र कान देऊन बसला. काही आलं नाही. रस्त्यावर कुणी नव्हतं. म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत होती, डोळ्यांनी म्हणत होती, दे ना गा.

"ओ," तो रिकाम्या रस्त्याकडे बघून म्हणाला. "ओ गुड्डे."

निर्मलाबाईने मान हलवली.

"उशीर केला गा," ती म्हणाली. "सुरू झालं तिचं."