अकरा हातांवर

वहिनींचं काम साधं होतं. धक्क्याच्या टोकाला, शेवटच्या खांबाला, त्यांच्या नवऱ्याची बादली पंधरा दिवस टांगलेली होती. ती तेवढी आणायची.

"माझे पाय तिथवर जात नाहीत, भावजी," त्या म्हणाल्या. "आणि दुसऱ्या कुणाला सांगवत नाही."

शेठ 'आणतो' म्हणाला. गावाने शेठ म्हणायचं म्हणून तो शेठ. एरवी त्याचं दुकान म्हणजे गळ, दोर, शिसं आणि बॅटऱ्या कोंबलेली एक खोली. गिऱ्हाईक पायरी कसं चढतं यावरून ते काय घेणार हे त्याला कळायचं, आणि कुणाला काय बोललं की हसेल हेही. 

धक्क्यावर दिवसा मालाची चढउतार चालायची. गळवाल्यांना फाटक उघडायचं ते शेवटची बोट सुटल्यावर. शेठने सवयीने आपली गळाची काठी घेतली, बॅटरी घेतली आणि अंधार पडल्यावर तो निघाला.

वहिनींचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. सगळे त्याला घड्याळजी म्हणत. तो आणि शेठ वीस वर्षं धक्क्याच्या टोकाला शेजारी शेजारी बसून माकुलं धरत होते. माकूल, म्हणजे ते दहा हातांचं, शाई सोडणारं, रात्री दिव्याला भुलून येतं. त्याचा गळ कोळंबीसारखा, शेपटीला काट्यांचं कडं. पाण्यात सोडायचा, दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. थांबलं की माकूल मिठी मारतं. पण ते कधी पाच हात खोल असतं, कधी आठ. म्हणून धक्क्यावरची रीत अशी, की ज्याला पहिलं लागेल त्याने कठड्याच्या लोखंडी नळीवर तितके ठोके द्यायचे. शेजाऱ्याने दोराच्या हात-हात अंतरावरच्या गाठी मोजून आपला गळ तितकाच सोडायचा. ओरडायचं नाही. आणि ठोका खोटा द्यायचा नाही. इथली माणसं घरी बायकोशी खोटं बोलतील, दुकानात माझ्याशी बोलतील, असं शेठच म्हणायचा, पण ठोका खोटा देणार नाहीत.

शेठचा ठोका काठीच्या मुठीचा, ठक ठक. घड्याळजीचा त्याच्या पितळी चिमट्याचा, टिंग टिंग. तो चिमटा झोपेतही त्याच्या खिशात असायचा.

पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या रात्री घड्याळजीची बादली भरत आली होती आणि शेठच्या बादलीत एकच माकूल, तेही बोटभर.

"शेठ, गळ विकणं वेगळं आणि टाकणं वेगळं," घड्याळजी म्हणाला होता.

"तुझ्या हातातला गळ माझ्याच दुकानातला आहे."

"म्हणून तर तुझी दया येते रे."

शेठ हसला, पण ते त्याला लागलं. सामान आवरून तो निघाला. अर्ध्या वाटेवर थांबला आणि अंधारातून त्याने कठड्यावर अकरा ठोके दिले. भरतीलासुद्धा तिथे पाणी नऊ हात. अकरा म्हणजे नुसती थट्टा. लोखंडी नळीने तो आवाज टोकापर्यंत नेला आणि शेठ हसत घरी जाऊन झोपला.

तीन वाजता पहारेकऱ्याला टोकाशी नुसता दिवा जळताना दिसला. खाली पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी शेवटच्या, शेवाळलेल्या पायरीवर एक चप्पल होती. गळ लांब खोल पाण्यात फेकायला माणूस तिथवर उतरतो. घड्याळजी सापडला नाही. ठोक्यांचं शेठ कुणाजवळ बोलला नाही.

आज धक्का रिकामा होता. पाणी पायऱ्यांना हळूहळू चाटत होतं. डिझेलचा, शेवाळाचा, ओल्या दोराचा वास. शेठने बादली सोडवली. आतली माकुलं कुणीतरी केव्हाच काढून टाकली होती; ती कोरडी होती. तो वळला...

टिंग.

तो थांबला. कठड्यावर हात ठेवला. नळी थरथरत होती.

टिंग. टिंग. घाई नाही. घड्याळजी मोजायचा तसे, सारख्या अंतराने. शेठ मनात मोजत गेला. सात... आठ... नऊ. मग दहा. मग अकरा. आवाज खालून, पायऱ्यांकडून येत होता.

पळून जायचं सोडून त्याने काठी उचलली. वीस वर्षं ठोका ऐकून गळ सोडणारे हात ते, त्यांना दुसरं काही येत नव्हतं. गाठी बोटांतून सरकत गेल्या. नवव्या गाठीला गळ तळाला टेकायला हवा होता. दोर सैल पडला नाही. दहा. अकरा. तिथे कुणीतरी तो धरला. ओढला नाही; फक्त धरला, लहान मूल बोट धरतं तसा. मग सोडला.

शेठने दोर वर घेतला. काट्यांत पितळी चिमटा अडकला होता.

वहिनी जाग्या होत्या. बादली त्यांनी दाराशी ठेवून घेतली. चिमटा हातात घेऊन पदराने पुसला, बराच वेळ.

"कुठे मिळाला?"

"पाण्यात."

"भावजी, एक विचारू? पंधरा दिवस विचारीन म्हणते, पण तुम्ही आलाच नाहीत, आणि आज बादलीचं सांगताना धीर झाला नाही." त्या खाली बसल्या. "त्या पहाटे हे घरी आले होते. पाचला. मी घड्याळ बघितलं. दारात उभे, आत येईनात. अंगावरून पाणी निथळत होतं. म्हणाले, दोराचं नवं रीळ दे. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, शेठने अकरा दिलेत, तळ लागत नाही. मी रीळ दिलं. ते गेले. पुढे सहाला माणसं आली सांगायला... लोकांना वाटतं मला स्वप्न पडलं. पण रीळ घरात नाही." त्यांनी वर बघितलं. "अकरा म्हणजे काय हो?"

शेठला काहीही सांगता आलं असतं. बोलण्यावरच त्याचं पोट चालत होतं.

"ठोके असतात, वहिनी," तो म्हणाला. "किती खोल जायचं त्याचे. मी दिले ते. खोटे दिले. चिडलो होतो जरा... तिथे नऊच हात पाणी आहे."

त्या रडल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. चिमटा मांडीवर धरून बसून राहिल्या. आत कपाटावरची दुरुस्तीची घड्याळं आपापल्या वेळा सांगत टिकटिकत होती.

"मग ते अजून तळ शोधतायत," त्या हळूच म्हणाल्या.

"वहिनी..."

"तुमचा ठोका ते खोटा धरणार नाहीत. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. जाऊन सांगा त्यांना. उशीर झालाय, घरी... निदान थांबा म्हणावं." चिमटा त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटली. "रागावू नका स्वतःवर. ते रागावले नव्हते. दारात हसत होते."

शेठ परत गेला. भरती पूर्ण आली होती. शेवटची पायरी पाण्याखाली गेली होती. तो टोकाशी गुडघ्यांवर बसला आणि चिमट्याने नळीवर नऊ ठोके दिले. एक एक, सारख्या अंतराने, चूक होऊ नये म्हणून मोठ्याने मोजत.

"नऊच रे," तो पाण्याला म्हणाला. "मी खोटं सांगितलं होतं. थांब आता."

बराच वेळ नुसतं पाणी. मग त्याच्या तळहाताखाली नळी थरथरली.

चिमटा शेठच्या मुठीत होता. तरी आवाज तोच होता, पितळेचा, बारीक. एक. दोन. तीन... तो मोजत राहिला. आठ. नऊ.

थांबलं. शेठने डोळे मिटले. वीस वर्षांत प्रथमच त्याला त्या धक्क्यावर रडू आलं.

मग पायऱ्यांच्या खूप खालून, जिथे तळ असायला हवा त्याहून खालून, अगदी सावकाश, दहा.

आणि अकरा.