पाटी खोटी ठरते तेव्हा

बिर्बाला घेतल्याशिवाय नदीवर जायचं नाही, असं नेव्हियोनं बहिणीला, इरिदेला ठणकावलं. पण आजोबांची ही म्हातारी कुत्री होती कुठे?

ऑगस्टचं ऊन रणरणत होतं. सकाळी ती या बहीणभावांच्या मागोमाग जुन्या रेशीमगिरणीत शिरली होती. ऑरेस्ते वाल्फ्रे या दिवंगत कलावंताच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन तिथे मांडलं जात होतं. गवंडीकाका एका रिकाम्या, बिनखिडकीच्या खोलीचं दार विटांनी बुजवत होते. बुजवलेली खोली हीच म्हणे कलाकृती! पाटीवर नाव होतं : 'आत कुणीच नाही'. उद्या सण, त्यामुळे काकांनी भराभर विटा लावल्या आणि घर गाठलं.

तिला शोधत दोघं पुन्हा गिरणीत आली. नेव्हियोनं त्या ताज्या भिंतीला कान लावला. आतून बारीक कण्हणं ऐकू आलं. तो धावत प्रदर्शनाच्या संचालकांकडे गेला.

संचालक पाल्मिएरी नुसते हसले. आवाजाचा भास होणं हेच म्हणे कलाकृतीचं यश! संध्याकाळी उद्घाटन आहे, तोपर्यंत भिंतीला बोट लावायचं नाही, असा दमही त्यांनी दिला.

"तोवर ती गुदमरून मरेल," नेव्हियो रडकुंडीला आला.

भांडण्यात अर्थ नव्हता. इरिदेनं त्याचा हात धरला आणि थेट कलावंताच्या पत्नीला, क्लेलियाबाईंना गाठलं.

"बाई, आत कुणी असलं तर पाटी खोटी ठरेल ना?"

"ठरेल. आणि खोटी पाटी ऑरेस्तेला मुळीच खपायची नाही."

इरिदेनं भिंतीपाशी जाऊन आजोबांसारखी शीळ घातली. आतून क्षीण भुंकणं आलं. संचालकांचा चेहरा पांढराफटक पडला.

चुना अजून ओलाच होता. मुलांनी नखांनी तो उकरून विटा उपसल्या. बिर्बाला उचलून बाहेर काढलं तेव्हा तिची मान लुळी पडली होती. नेव्हियोनं ओंजळीनं पाणी पाजलं. एक घोट, दुसरा, आणि मग शेपूट हलली. तो ढसाढसा रडला.

"दर प्रदर्शनात ऑरेस्ते स्वतः आत जाऊन कोपरान् कोपरा बघायचा, मगच दार बुजवू द्यायचा," क्लेलियाबाई संचालकांना म्हणाल्या. "तुम्ही नेमकं तेच विसरलात. या पोरांना त्याचं काम जास्त कळलंय. यापुढे बघायचा मान यांचाच."

दोघांनी आत जाऊन नीट पाहिलं. बाहेर येऊन इरिदेनं सांगितलं, "आत कुणीच नाही."

गवंडीकाका घरी जेवत होते, म्हणून पांढऱ्या कोटातल्या संचालकांनाच विटा लावाव्या लागल्या. शेवटची वीट बसेपर्यंत नेव्हियोनं बिर्बाचा पट्टा काही सोडला नाही.