कोंडलेलं सूत

मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही, म्हणून दर शनिवारी सकाळी माधवनगरातल्या एका बंद गिरणीच्या गोदामात मुलांना जमवते. तिथले माग कधीच भंगारात गेले. मालकांनी एक कोपरा मला वापरायला दिला आहे. एक फळा, दोन सतरंज्या आणि किरकिरणारा पंखा, एवढं माझं सामान. बारा-चौदा मुलं येतात. माझे नियम तीनच. चपला रांगेत काढायच्या. उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हणायचं. आणि मला 'बाई' म्हणायचं.

तिसरा नियम खरं तर एकीसाठीच होता. ब्राह्मी ही माझी नात, आठ वर्षांची. तिचे आई-वडील साताऱ्याला नोकरीला असतात, ती माझ्यापाशी राहते. ती भर वर्गात "आजी, माझं खोडरबर कुठाय?" म्हणायची आणि आर्जव तिची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. हा आर्जव अकरा वर्षांचा, तोंडाळ. शेवटी मी ब्राह्मीला समजावलं, "घरी आजी. वर्गात बाई. वर्गात आजी म्हणालीस तर मी ओ देणार नाही."

आणि खरंच दोनदा दिली नाही. तिसऱ्या वेळी ती शिकली.

या जानेवारीत साताऱ्याला मुलांचं विज्ञान प्रदर्शन होतं. मी मुलांना अंतराळात गेलेल्या पहिल्या बाईची गोष्ट सांगत होते. रशियातली व्हॅलेंतीना. वडील युद्धात गेले, आई कापडाच्या गिरणीत, पुढं तीही गिरणीतच. कामावरून सुटल्यावर हवाई छत्री बांधून विमानातून उड्या मारायला शिकली आणि त्या उड्यांमुळंच तिची निवड झाली.

मागं झाडू थांबला. मनुबाईंनी विचारलं, "गिरणीतली बाई? म्हंजे आमच्यातलीच की वो."

मनुबाई सत्तरीच्या पुढच्या. गिरणी चालू असताना त्या कांडी खात्यात कांड्यांवर सूत गुंडाळायच्या. आता गोदामाची किल्ली त्यांच्याकडं असते.

"तुमच्यातलीच," मी म्हणाले. "एकटी वर गेली. पृथ्वीभोवती अठ्ठेचाळीस फेऱ्या मारल्या. तीन दिवसांना थोडाच वेळ कमी."

"आन् घरी काय सांगून गेली?"

"उड्यांची स्पर्धा आहे, असं आईला सांगितलं होतं."

"लय शानी," मनुबाई म्हणाल्या आणि झाडू बाजूला ठेवून सतरंजीवर येऊन बसल्या.

रेडिओवर तिचं नाव 'चायका' होतं. चायका म्हणजे समुद्रावरचा पांढरा पक्षी. हे ऐकल्यावर आर्जव हात वर करून ओरडला, "चाय का? माझी बिनसाखरेची!" पुढं पंधरा मिनिटं वर्ग हाताबाहेर. यानात टूथपेस्ट ठेवली होती पण ब्रश विसरले होते, हे सांगितल्यावर तर ब्राह्मी गडबडा लोळली. तिचा पुढचा दात त्याच सोमवारी पडला होता. "मला अर्धाच ब्रश लागेल," ती म्हणाली.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम मागं ठेवली होती. त्या यानाच्या दिशेत चूक होती. खाली उतरायच्या वेळी ते आणखी वर गेलं असतं. तिच्या ते लक्षात आलं, तिनं कळवलं, दुरुस्ती झाली. पण चूक कुणाला सांगू नकोस, असं तिला बजावलं गेलं आणि तिनं ते कित्येक वर्षं पोटात ठेवलं. ही गोष्ट मी शेवटच्या शनिवारी सांगणार होते. शिकवताना एक तरी चीज मुठीत राखावी.

यान कुठून आणायचं, हा प्रश्न मनुबाईंनी सोडवला. गोदामाच्या मागच्या खोलीत एक आडवी लोखंडी टाकी होती. माणूस वाकून आत जाईल एवढी, एका टोकाला गोल दार, दारात बशीएवढी जाड काच.

"यात काय करायचे, मनुबाई?"

"कांड्या वाफवायचे. ताजं सूत लय वळवळतं, बाई. पीळ सुटतो, गुंता होतो. मग यात कोंडायचं आन् वाफ द्यायची. कोंडलं की सूत गप होतं."

मुलं टाकीवर तुटून पडली. मी आधी वेल्डर नाथाजींना बोलावून दाराची खिटी मुळापासून कापून घेतली. तळाला पाइप काढलेली दोन भोकं होती, त्यातून हवा यायची. खिटीवाचून दार बंद राहणं शक्यच नव्हतं, ढकललं तरी वीतभर उघडं यायचं. मी ते दहा-बारा वेळा करून पाहिलं. मग मुलांनी आत चंदेरी कागद लावला, उशी ठेवली, बॅटरी टांगली.

मनुबाईंनी आपलीही भर घातली. मागांच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, म्हणून बायका लोखंडी खांबावर ठोके द्यायच्या. तीन ठोके म्हणजे सुताची तार तुटली, कुणीतरी या. दोन ठोके म्हणजे आले. "कानानं न्हाई ऐकायचं, तळव्यानं," त्या म्हणाल्या आणि प्रत्येक मुलाचा हात टाकीवर ठेवून त्यांनी ते शिकवलं.

पहिला आर्जव बसला. पाच मिनिटं, हातात वही आणि नवी पेन्सिल. काय वाटतं ते लिहायचं. बाहेर मी घड्याळ धरून उभी होते. टाकीजवळ बारीक गुणगुण ऐकू येत होती, काचेच्या बरणीत माशी अडकावी तशी. मला वाटलं, पंख्याचा आवाज लोखंडात घुमतोय.

आर्जव बाहेर आला तेव्हा तो गप्प होता. तो गप्प असणं हीच मोठी बातमी.

"काय रे, घाबरलास?"

"लय वेळ ठेवलंत, बाई."

मी मुलांना समजावलं. बंद जागेत, एकट्याला, वेळ लांबल्यासारखा वाटतो. अंतराळवीरांनाही आधी अशाच निःशब्द खोलीत कित्येक दिवस ठेवून सराव देत. ते शिकवत असतानाच माझं लक्ष त्याच्या मनगटाकडं गेलं. त्याचं घड्याळ तीन तास पुढं होतं. स्वस्तातलं घड्याळ, मी मनात म्हटलं. पण पेन्सिलही निम्मी झाली होती. आणि वहीत मोठ्या अक्षरात एकच वाक्य पानामागून पान लिहिलेलं होतं.

'दिशा चुकली आहे.'

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की," तो म्हणाला. "आत रेडिओवर."

आत रेडिओ नव्हता. मी त्याला रागावले नाही. मोबाइलवर वाचलं असेल, आता मुलांना सगळंच सापडतं. पण त्या दिवशी मी दुसऱ्या कुणाला आत बसू दिलं नाही.

पुढचा आठवडा मी ठरवत राहिले की टाकी नको, पुठ्ठ्याचं यान करू. शनिवारी ब्राह्मी पांढरा फ्रॉक घालून, डोक्याला चंदेरी पट्टी बांधून तयार. प्रदर्शनात लावायला व्हिडिओ घ्यायचा होता आणि त्यात 'चायका' तीच होती. सगळ्यांनी मिळून तिला निवडलं होतं.

"आई तिथं बघायला येणारे," ती वाटेत म्हणाली. "तिनं सुट्टी काढलीय. पुठ्ठ्यातलं खोटं वाटेल गं, आजी."

"दोन मिनिटं," मी म्हणाले. "दार उघडं ठेवून."

नवी वही आणि पेन्सिल घेऊन ती आत बसली आणि तिनं काचेतून हात हलवला. दात पडलेल्या फटीतून हसली. "चायका बोलतेय," ती ओरडली, "सगळं ठीक आहे!" आर्जव मोबाइल धरून होता. मी दाराची कड हातात धरली होती.

दार माझ्या हातातून गेलं. जोरात नाही. घरातलं माणूस आतून दार ओढून घेतं तसं, हळूच.

मी ओढलं. दार हललं नाही. खिटी नव्हती, कडी नव्हती, अडकायला काहीच नव्हतं. काचेवर आतून वाफ धरली होती आणि मागं नुसता पांढरा उजेड होता.

"आर्जव, पळ. नाथाजींना पहार घेऊन बोलाव."

तो पळाला. बाकीच्या मुलांना मी अंगणात पाठवलं. माझा आवाज स्थिर होता, इतक्या वर्षांची सवय. काचेला तोंड लावून मी हाका मारल्या. उत्तर आलं नाही. फक्त ती गुणगुण सुरू झाली होती, मागच्या वेळेपेक्षा खूप बारीक आणि उंच.

पाच मिनिटं झाली. सात झाली. मनुबाई कधी आल्या ते मला कळलं नाही. त्यांनी टाकीला दोन्ही तळवे लावले, डोळे मिटले आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, ही गुणगुण न्हाई."

"मग?"

"ठोके हायत. तीन, तीन, तीन. लय भराभरा. चालत्या मागाच्याबी पुढं." त्यांनी माझा हात धरून लोखंडावर दाबला. "पोरगी ठोकतीया. कवापासनं ठोकतीया वो ही?"

तळव्याखाली लोखंड थरथरत होतं. एका सेकंदात किती ठोके मावतात आणि त्यावरून आत किती काळ गेला, हे मी मुलांना फळ्यावर सहज काढून दाखवलं असतं. तेव्हा मी ते काढलं नाही. आजवर काढलेलं नाही.

"उत्तर द्या तिला," मनुबाई ओरडल्या. "दोन द्या! दोन!"

मी हातातल्या बांगडीनं एक ठोका दिला.

दुसऱ्यासाठी हात उचलला.

गुणगुण थांबली.

एवढ्या वेळात मी काय केलं? हात उचलला, एवढंच. दुसरा ठोका मी दिला तो शांत लोखंडावर.

दार आपोआप वीतभर उघडं आलं, नेहमीसारखं. अकरा मिनिटं झाली होती.

ब्राह्मी उशीवर मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसली होती. वही मांडीवर, हात वहीवर. रडलेली नव्हती. घाबरलेलीही नव्हती. तिच्या वेणीची रिबीन पांढरी होती, ती पिवळी पडली होती. मी तिला ओढून बाहेर काढलं, छातीशी धरलं. मी धरून ठेवलं तेवढा वेळ ती नुसती उभी राहिली.

"तुमचा एकच ठोका आला, बाई," ती सावकाश म्हणाली. "दुसऱ्याची मी लय वाट बघितली."

नाथाजी पहार घेऊन धावत आले, त्यांनी उघडं दार पाहिलं आणि पहार खाली ठेवली. मी मुलांना घरी पाठवलं.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "आत काय झालं, बाळा?"

"सांगायचं नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मुलगा मुद्दाम सोपं उत्तर चुकवतोय असं वाटलं की मी बघते, तसं.

"बाई," ती म्हणाली, "आता जेवायला बसू का?"

"घरी आजी म्हण गं," मी म्हणाले.

"हो, बाई."

डॉक्टरांनी तपासलं. सगळं उत्तम, वजन-उंची वयाच्या मानानं चांगलीच आहे म्हणाले. साताऱ्याला प्रदर्शनाला आम्ही गेलो नाही. त्या संध्याकाळी सुनेनं, ब्राह्मीच्या आईनं, व्हिडिओ कॉल केला. ब्राह्मी तिच्याशी शहाण्या मुलीसारखी बोलली, आणि हसली.

"अगं, दात आला की पूर्ण!" सून म्हणाली. "आत्ताच तर पडला होता ना? की मीच विसरले?"

मी पाणी आणायला आत गेले.

टाकीचं दार आता नाथाजींनी उचकटून काढलंय. वर्ग मी बंद केला. मुलं रस्त्यात भेटतात, कधी सुरू करताय विचारतात. ब्राह्मी शाळेत पहिली येते. अक्षर तर इतकं सुरेख की शिक्षक इतरांना दाखवतात. आधी तिचा 'ण' कधी सरळ यायचा नाही, त्यावरून मी रोज टोकायचे.

तो 'ण' कुठं सुधारला, हे मला तिच्या त्या वहीत दिसतं. दोनशे पानांची वही, शेवटच्या ओळीपर्यंत भरलेली. सुरुवातीची अक्षरं वेडीवाकडी, 'बाई, दार उघडा', 'बाई, दिशा चुकली आहे', 'बाई, मी चायका बोलतेय'. पुढं पुढं रेघ सरळ होत जाते, वेलांट्या बसतात.

चाळिसाव्या पानावर पेन्सिल इतकी दाबलीय की कागद फाटलाय. तिथं एकदाच लिहिलंय, 'आजी, दार उघड.' त्यानंतर त्या वहीत आजी हा शब्द कुठंही नाही.

माझा लाल पेन त्या शनिवारी घरीच राहिला होता. आत तर नुसती पेन्सिल होती. पण त्या ओळीच्या खाली लाल शाईत, माझ्या तिरक्या अक्षरात, मी मारते तशी रेघ मारून शेरा दिलेला आहे.

'वर्गात बाई म्हणायचं.'