सात नंबर आणि रेघेवरचं पेट्रोल

"सत्तेचाळीस!" योगीराज ओरडला.

आबांनी दोरी ओढली. घर्रर्र... फुस्स!

"अठ्ठेचाळीस!"

घर्रर्र... फुस्स!

"मोजू नको रे!" आबा कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "तू मोजायलास म्हणून मशीन लाजायलीय."

"आबा, पन्नासला थांबू या का?" अपेक्षाने विचारलं.

"काल पण पन्नासलाच थांबलो होतो," अर्पिता म्हणाली. "परवा साठला."

 आबांनी एकोणपन्नासाव्यांदा दोरी ओढली आणि मशीनने एकोणपन्नासाव्यांदा नाक मुरडलं.

आबा म्हणजे दिनकरराव. येलदरीच्या धरणावर त्यांनी एकतीस वर्षं पाण्याची पातळी वाचली आणि नोंदवहीत लिहिली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक भजनाला लागले, काही राजकारणाला लागले. आबा जुन्या चेनसॉ दुरुस्त करायला लागले. झाडं कापायच्या या पेट्रोलवरच्या करवती कुठल्या तरी लाकडाच्या वखारीत गंजून पडलेल्या असायच्या. आबा त्या घरी आणायचे, पिन न् पिन सुटी करायचे, घासायचे, पुन्हा जोडायचे. ओसरीवर अशा सात चेनसॉ ओळीने बसल्या होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नंबर. त्यांपैकी एकीनेही आजवर एक फांदी कापली नव्हती. पण चकाकत होत्या छान.

सात नंबर सगळ्यांत थोरली. धरण बांधताना, पाण्याखाली जाणारी झाडं तोडायला आलेली. आबांचे वडील त्या कामावर होते. लहानपणी आबा डबा घेऊन जायचे तेव्हा तिचा आवाज अर्ध्या कोसावरून ऐकू यायचा. तो आवाज त्यांना पुन्हा ऐकायचा होता. दोन वर्षं त्यांनी तिच्यावर घालवली होती. कार्बोरेटरमधला रबरी पडदा कुठेच मिळेना, तर तो त्यांनी ट्यूबमधून स्वतः कापला होता.

आणि मंगळवारी सात नंबर सुरू झाली होती! पाच मिनिटं! शेजारच्या तीन कोंबड्या भिंतीपलीकडे गेल्या त्या बुधवारीच परतल्या. अपेक्षा आणि योगीराज ही नातवंडं दिवाळीच्या सुट्टीसाठी पूर्णेहून त्याच दिवशी आले होते. त्यांना वाटलं, स्वागत चाललंय.

त्यानंतर मात्र घर्रर्र आणि फुस्स. बुधवारी आबांनी प्लग बदलला, गुरुवारी कार्बोरेटर खोलला. आज शुक्रवार. आता खोलायला फक्त आबा उरले होते.

"झालं का आज तरी?" हातात खराटा घेऊन चांगुणाबाई बाहेर आल्या. आजी दिवाळीची साफसफाई सुरू करायच्या, तेव्हा पालीसुद्धा घर बदलायच्या. "मी काय म्हणलं होतं? रविवारी राजेश्वर टेम्पो घेऊन येणार हाय. तवर वाजली तर वाजली. न्हाई तर सातीच्या साती भंगारात!"

"अगं, पण मंगळवारी..."

"मंगळवारी मी बाजारात होते. मी ऐकलं न्हाई म्हणजे वाजलीच न्हाई."

 आबांनी टाकीतलं पेट्रोल मातीत ओतून दिलं आणि कोपऱ्यातला पांढरा कॅन उचलला. त्यात पेट्रोल आणि इंजिनचं तेल मिसळून ठेवलेलं असे. चेनसॉला तसंच लागतं. कॅनवर काळी रेघ होती. आबांनी डोळे रेघेच्या पातळीला आणून बघितलं.

"बरोबर रेघेवर. म्हणजे पेट्रोलचा दोष न्हाई." मग तेल नीट मिसळावं म्हणून त्यांनी कॅन खळाखळा हलवला आणि टाकी भरली. जेवढं घेतलं, तेवढी नवी रेघ खाली ओढली. तारीख टाकली.

रेघ ही या घराची रीत होती. तुपाच्या बरणीवर रेघ, मधाच्या बाटलीवर रेघ, लिंबाच्या पाकाच्या बरणीवर रेघ. एकतीस वर्षं धरण सांभाळलेल्या माणसाच्या घरात काहीही गुपचूप कमी होऊ शकत नाही, असं आबांचं म्हणणं होतं.

पन्नासावी ओढ. घर्रर्र... फुस्स!

"सरबत प्या जरा," आजी म्हणाल्या.

आबांनी घोट घेतला. "पाक कमी पडलाय यात."

"दोन डाव घातलाय! अन् बरणी बघा, रेघेवर हाय."

योगीराज अचानक फारच बारकाईने एका मुंगीकडे बघू लागला.

तेवढ्यात भागवतकाका बाहेर आले. आबांचा हा धाकटा मुलगा, अर्पिताचे पप्पा. "अजून चालूच का तमाशा? आबा, द्या की सोडून! मी जिंतूरला जाऊन येतो." त्यांनी मोटारसायकलला किक मारली. गाडीच्या मागून निळसर धुराचा असा लोट निघाला की काका स्वतःच त्यात दिसेनासे झाले.

"पप्पा, गाडी नवी आहे ना? एवढा धूर?"

"तो जिंतूरचा मेकॅनिक बोगस हाय! बुधवारपासून दोनदा दाखवली, म्हणतो इंजिन कामातून गेलं!" धुरातून आवाज आला आणि धूर निघून गेला.

भिंतीपलीकडे दगडाबाई खोकत उभ्या राहिल्या. त्यांचं शेत पलीकडेच होतं, आणि सध्या त्यांची तुरीवर फवारणी चालली होती. "काय गं पोरींनो, भागवतनं माझा फवारणीचा पंप पळवला का काय? सेम तसाच वास यायलाय!"

अपेक्षाने नाक वर केलं. खरंच! मंगळवारी सात नंबर धडधडली तेव्हा अख्ख्या अंगणात हाच वास भरला होता.

"मावशी, तुमच्या पंपात काय घालता?"

"पेट्रोल अन् तेल मिसळून. तुझ्या आबाच्या मशीनवानीच."

"आणि मोटारसायकलमध्ये?"

"नुसतं पेट्रोल. तेल मिसळलेलं घातलं की मग असं व्हतं," दगडाबाईंनी रस्त्याकडे बोट दाखवलं. धूर अजून तिथेच रेंगाळत होता.

तिघंही गोठ्यामागे जाऊन बसली.

"काका कॅनमधलं पेट्रोल घेतायत!" अपेक्षा म्हणाली.

"काहीतरीच!" अर्पिता लाल झाली. "घेतलं असतं तर कॅनमधलं कमी झालं असतं. रेघेवर आहे ना? आबांनी स्वतः बघितलं!"

हे खरं होतं. अपेक्षाने चिडून एक ढेकूळ फेकलं. तीन दिवस झाले, काहीच जुळत नव्हतं! मशीन सुरू होत नव्हती, आजी ऐकत नव्हत्या, आणि आता सापडलेला एकुलता एक धागाही रेघेने तोडून टाकला होता. परवा टेम्पो येणार. सात नंबरचं काय होणार? कुणीतरी तिला घणाने फोडून किलोवर विकणार.

"योग्या, तू तरी बोल ना काहीतरी! मघापासून मुंग्या काय मोजतोयस?"

योगीराजने मुंग्यांवरून नजर उचलली. "आजीला सांगणार नसाल तर सांगतो. पाक मी पितो. रोज एक वाटी."

"मग? बरणी तर रेघेवर..." अपेक्षा बोलता बोलता थांबली.

"मी तेवढंच पाणी घालून ठेवतो," योगीराज म्हणाला. "आबा फक्त रेघ बघतात."

 गोठ्यातल्या म्हशीनेही रवंथ थांबवला.

"पाणी!" अपेक्षा ताडकन उठली. "योग्या, तू चोर आहेस, पण कामाचा चोर आहेस!"

आबा दुपारी झोपले तसे तिघांनी दगडाबाईंना गाठलं. त्यांनी पोरांना कॅनला हात लावू दिला नाही. "पेट्रोल हाय ते, खेळणं न्हाई," म्हणत त्यांनी कॅन मोकळ्या अंगणात आणला, हलवला आणि थोडंसं एका काचेच्या बाटलीत ओतलं. बाटली कट्ट्यावर ठेवली. सगळे टक लावून बसले.

हळूहळू बाटलीत दोन मजले झाले. वर हिरवट पेट्रोल आणि खाली स्वच्छ, चकचकीत, येलदरीचं पाणी.

"माझ्या पंपात पाणी शिरलं की तो बी असाच ठसकतो," दगडाबाई म्हणाल्या. "अन् तुझा आबा कॅन हलवून टाकी भरतो. म्हणजे सगळं पाणी मशीनच्या पोटात. भागवत न हलवता वरवरचं चांगलं घेत असंल."

अर्पिताने बाटली उचलून हातात घेतली. "सांगून टाकू आबांना," ती हळूच म्हणाली.

त्यांनी सांगून बघितलंही. आबांनी चष्मा लावून कॅन बघितला. "तुमी घेतलेलं सोडलं तर रेघेवर हाय. अन् मोठ्या माणसांवर असले आळ घेऊ नयेत." बाटली दाखवली तर म्हणाले, "दगडाबाईची बाटली ओली असंल."

अपेक्षाला इतका राग आला की ती न जेवताच उठणार होती. पण भाकरीसोबत ठेचा होता, म्हणून ती जेवून चिडली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आपल्या सांगण्यावर विश्वास नाही ना? मग काकाच सांगतील. सगळ्यांसमोर."

"ते कशाला सांगतील?" योगीराजने विचारलं.

"ओरडून सांगतील. बघच तू."

शनिवारी आबांनी सात नंबरला हात लावला नाही. ते एकेका चेनसॉला फडक्याने पुसत होते. पाहुण्यांना निरोप द्यावा तसं. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून पोरं संध्याकाळची वाट बघत दगडाबाईंकडे बसली.

संध्याकाळी दगडाबाईंनी कॅनमधलं वरचं पेट्रोल अलगद काढून घेतलं. खाली काकांचंच पाणी उरलं. वासापुरतं बोटभर पेट्रोल वर तरंगत ठेवलं, आणि घरच्या रीतीप्रमाणे पाणी घालून कॅन बरोबर रेघेवर आणला. मग त्यांनी स्वतःच्या पंपासाठी मिसळलेल्या ताज्या पेट्रोलची एक बाटली बाजूला काढून ठेवली.

"आपण काही चुकीचं नाही करत ना?" अर्पिताने विचारलं.

"आपण काकांना त्यांचंच पाणी परत करतोय," अपेक्षा म्हणाली.

रविवारी सकाळी काका निघाले. कोपऱ्यात कॅन खुडबुडल्याचा आवाज आला. मग किक, मग धूर. तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

दहा वाजता राजेश्वर भंगारवाल्याचा टेम्पो आला. एक नंबर चढली, दोन नंबर चढली. सहा चढल्या तरी काकांचा पत्ता नाही! अपेक्षा दर मिनिटाला फाटकाकडे पळत होती.

"दिनकरराव, ही जुनाट उचलायला तुमीच हात लावा," राजेश्वर म्हणाला.

आबांनी सात नंबरवरून एकदा हात फिरवला आणि वाकले.

"कोण हाय तो नालायक?"

फाटकातून काका आले. घामाने निथळत, मोटारसायकल ढकलत. "कोणी पाणी घातलं कॅनमधल्या पेट्रोलात? साडेतीन किलोमीटर ढकलत आणली मी गाडी!"



"कोणत्या कॅनमधल्या?" आबांनी शांतपणे विचारलं.

काकांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी कॅनकडे बघितलं, आबांकडे बघितलं, मग शेवटी स्वतःच्या चपलांकडे.

"थोडंसंच घ्यायचो. संध्याकाळी आणून टाकीन म्हणायचो, ध्यानात राहीना."

"अन् पाणी?"

"तुमी रेघ बघता ना, आबा. लहानपणी दुधाचं बी असंच..." काकांना भलतंच आठवायला लागलं होतं. "मला वाटलं, मशीन कुठं सुरू व्हायलीय? बंद मशीनला पेट्रोल काय अन् पाणी काय."

आबा ओसरीच्या कडेला बसले.

"मंगळवारी सुरू झाली होती, पप्पा," अर्पिता म्हणाली.  "तुम्ही घरी नव्हता. पण झाली होती."

अपेक्षाने दगडाबाईंची बाटली आबांसमोर धरली. "आबा, एकदाच!"

आबांनी टाकी एका थाळीत रिकामी केली. थाळीत पाण्याचे मणी गडगडले. आबांनी त्यातला एक बोटाने ढकलून बघितला. मग त्यांनी टाकी पुसली, प्लग काढून वाळवला, साखळी काढलेली आहे ना ते पुन्हा तपासलं, आणि ताजं पेट्रोल भरलं.

"भागवत, ओढ दोरी."

"मी?"

"साडेतीन किलोमीटर गाडी ढकललीस. दोरी काय जड हाय का?"

"एक!" योगीराज ओरडला. फुस्स. "दोन!" फुस्स. दहा झाले. पंधरा झाले. राजेश्वरने टेम्पोची दोरी बांधायला घेतली. आजींनी खराटा उचलला. अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता तर सगळं बरोबर आहे, तरीसुद्धा?

"एकवीस!"

घर्रर्र... ठस्क!

"थांब!" आबा उठले. "ठसकली. सोड, आता मी ओढतो."

त्यांनी दोरी हातात घेतली, पाय रोवला.

घर्रर्र... धाड! धडधडधडधडधड!

अंगण हादरलं. कोंबड्या उडाल्या. राजेश्वरने कानांवर हात ठेवले. दगडाबाई भिंतीवरून काहीतरी ओरडत होत्या, पण कुणाला ऐकू येत होतं? आबा डोळे मिटून उभे होते.

पाच मिनिटांनी त्यांनी मशीन बंद केली.

"ऐकलंस का गं?"

"बहिरी झाले, अजून काय ऐकायचं?" आजी म्हणाल्या. मग टेम्पोकडे वळल्या. "राजेश्वर, उतरव खाली सगळ्या. पुसून ठेव, धूळ लागली असंल."

"मी पुसू?"

"भागवत पुसंल."

आबांनी तिन्ही पोरांना जवळ बोलावलं. "परवा तुमी सांगत होता, मी ऐकलं न्हाई. एकतीस वर्षं पातळी वाचली मी. खाली काय साठलंय ते कधी बघितलंच न्हाई." त्यांनी अर्पिताच्या डोक्यावर हात ठेवला. "तू बोललीस ते सोपं नव्हतं. शाब्बास."

मग त्यांनी आपली नोंदवही आणली आणि पेन अपेक्षाच्या हातात दिलं. रकाने आखलेले होते : तारीख, पातळी, शेरा.

अपेक्षाने तारीख टाकली. 'पातळी'पुढे लिहिलं : रेघेवर नाही. 'शेरा'पुढे लिहिलं : सात नंबर चालू.

"झकास!" आबा म्हणाले. "चांगुणा, या गोष्टीवर सरबत कर सगळ्यांना!"

आजी पाकाची बरणी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी रेघेकडे ढुंकूनही बघितलं नाही. झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

योगीराज मुंगी शोधू लागला.